ग्रहणाचे वेध

मराठी भाषेतील ‘वेध’ हा शब्द मोठा मौजेचा आहे. ग्रहण लागण्यापूर्वी काही प्रहर आधीपासून जुन्या रीतीची माणसे अन्नपाणी वर्ज्य करतात. तेव्हा ‘ग्रहणाचे वेध लागले’ असे म्हणतात. एखाद्या गोष्टीची ओढ लागली म्हणजेही ‘सुट्टीचे वेध लागले’ असे आपण म्हणतो. आणि आकाशातील ग्रहताऱ्यांची स्थाने व हालचाली काळजीपूर्वक पाहून त्या मोजणे, यालाही ‘वेध घेणे’ असेच नाव आहे. म्हणून तर असे काम जेथे चालते त्या जागेला आपण ‘वेधशाळा’ म्हणतो. वेध पाळणे, वेध लागणे आणि वेध घेणे अशा या तीन निरनिराळ्या गोष्टी झाल्या. त्यांपैकी तिसरी गोष्ट, म्हणजे चंद्रग्रहणाचा वेध कसा घ्यावा, त्यासाठी रात्र कशी जागवावी आणि त्या रात्री टिपलेल्या छायाचित्रातून काय शिकावे, हे आपण या पाठात पाहू.

ठाणे जिल्ह्यात कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे एकामागून एक लागतात. बदलापूरच्या पूर्व भागात खरवई आहे. एके काळी येथे शेते होती. आज कारखाने आहेत, उंच इमारती आहेत आणि रात्रभर जळणारे दिवे आहेत. दक्षिणेला चंदेरीचा सुळका अजून पूर्वीसारखाच उभा आहे. परंतु त्याच्या माथ्यावरचे बारीक तारे मात्र शहराच्या उजेडात दिसेनासे झाले आहेत. तारे पाहावयाचे तर थोडे पुढे जावे लागते. बदलापूरच्या पुढचेच स्थानक वांगणी. मुंबईच्या खगोल मंडळ या संस्थेचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम तेथे होत आले आहेत, आणि मुंबईची माणसे केवळ काळोखासाठी आगगाडीने तेथवर जात आली आहेत.

चंद्रग्रहणाचे मात्र तसे नाही. त्यासाठी काळोख शोधत जावे लागत नाही. दुर्बीण नसली तरी चालते. खग्रास सूर्यग्रहण पृथ्वीवरील एका अरुंद पट्ट्यातूनच दिसते, आणि ते पाहण्यासाठी लोकांना दूरदूर जावे लागते. परंतु चंद्रग्रहण लागते त्या वेळी ज्या ज्या ठिकाणी चंद्र क्षितिजाच्या वर असतो, त्या सर्व ठिकाणांहून ते एकाच वेळी दिसते. खरवईतल्या चाळीच्या अंगणातून दिसणारे ग्रहण आणि मोठ्या वेधशाळेतून दिसणारे ग्रहण हे एकच असते. निसर्गाने हा प्रयोग सर्वांसाठी खुला ठेवला आहे. पाहणारा मात्र जागा हवा!

ग्रहण कसे लागते, हे तुम्ही भूगोलात शिकला आहातच. सूर्याच्या उजेडात पृथ्वीची छाया अवकाशात दूरवर पडलेली असते. पौर्णिमेचा चंद्र त्या छायेत शिरला म्हणजे चंद्रग्रहण होते. हे नीट समजण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. अकरा सेंटिमीटर व्यासाचा एक सोललेला नारळ ही पृथ्वी समजा. मग तीन सेंटिमीटरचे एक लहानसे लिंबू हा चंद्र होईल. आता हे लिंबू नारळापासून किती दूर ठेवाल? पुष्कळ मुले ते हातभर अंतरावर ठेवतील. खरे पाहता ते सुमारे सव्वातीन मीटर, म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावे लागेल. नारळाची छाया निमुळती होत होत सुमारे बारा मीटरवर संपेल. लिंबू जेथे आहे तेथे ती छाया साधारण आठ सेंटिमीटर रुंद असेल. तेवढ्याशा वर्तुळातून ते लिंबू गेले, तरच ग्रहण!

तर मग प्रत्येक पौर्णिमेला ग्रहण का होत नाही? याचे कारण असे की, चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. आपल्या उदाहरणातले लिंबू बहुतेक पौर्णिमांना छायेच्या वरून किंवा खालून निघून जाते. कधी कधी हे अंतर वीतभराहून अधिक असते. या दोन कक्षा एकमेकींना ज्या दोन ठिकाणी छेदतात, त्यांना आपल्या ज्योतिर्गणितात राहू आणि केतू अशी नावे आहेत. पौर्णिमेचा चंद्र या बिंदूंपैकी एकाच्या जवळ असला तरच ग्रहण घडते. पुराणात राहू हा चंद्राला गिळणारा दैत्य आहे. गणितात तो एक बिंदू आहे. नाव एकच, परंतु दैत्यापासून पळावे लागते आणि बिंदूचे गणित करता येते, हा दोहोंतील मोठा फरक होय.

हे गणित आपल्या देशात फार जुने आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास आपल्या ग्रंथात, पृथ्वीच्या छायेने चंद्र झाकला जातो, असे स्पष्ट सांगून ठेवले आहे. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ नावाचा ग्रंथ रचला. ग्रहांचे आणि ग्रहणांचे गणित सोप्या रीतीने कसे करावे, हे त्यात दिले असल्यामुळे पंचांग करणाऱ्यांनी तो ग्रंथ शतकानुशतके हाताशी बाळगला. पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षित या शिक्षकाने भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला. तो १८९६ साली छापून प्रसिद्ध झाला, आणि या विषयावरील तो आजही आधारभूत ग्रंथ मानला जातो. तात्पर्य, ग्रहण अमुक वेळी लागेल आणि अमुक वेळी सुटेल, हे आपले पूर्वज आधीच सांगू शकत होते. जी गोष्ट आधी मिनिटामिनिटाने सांगता येते, तिचे भय ते का बाळगावे?

तरीही भय आहे. ग्रहणाच्या वेळी काही घरांत गरोदर स्त्रीला अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवतात. तिला काही चिरू देत नाहीत, खाऊ-पिऊ देत नाहीत. तिच्या बाळाला इजा होईल, असे त्यांना वाटते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. उलट बाळाविषयीची मायाच असते. परंतु विचार करून पाहा. ग्रहणात चंद्राकडून कोणतेही नवे किरण येत नाहीत. चंद्राचा प्रकाश हा मुळी सूर्याचाच परावर्तित प्रकाश. ग्रहणात तोच कमी होतो, एवढेच. उजेड कमी झाल्याने अन्न विटत नाही आणि बाळाला इजा होत नाही. मात्र पोटात बाळ असलेल्या आईने तासन् तास पाण्याचा थेंबही न घेता बसणे, हे तिच्या प्रकृतीला खरोखरच अपायकारक होऊ शकते. येथे काळजी आणि समजूत यांची फारकत झाली आहे. काळजी ठेवावी, समजूत तपासावी.

पूर्वी गावोगाव ग्रहण सुटताच ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी ऐकू येई. ज्यांना समाजाने दूर लोटले होते, त्यांनी दान मागावे आणि ग्रहणाचे अरिष्ट त्या दानाबरोबर आपल्या घराबाहेर जावे, अशी लोकांची कल्पना होती. आपले संकट दुसऱ्या माणसाच्या झोळीत टाकणे हे कितपत योग्य, याचा विचार तुम्हीच करावा. भुकेल्याला अन्न देणे हे केव्हाही चांगलेच. त्यासाठी ग्रहणाची वाट पाहण्याचे कारण नाही.

घरातील आजी ग्रहणाचे वेध पाळत असतील, तर त्यांचा उपहास मात्र करू नये. हसण्याने कोणाचे मत पालटत नाही. त्यांना हात धरून गच्चीवर न्यावे, बसावयास खुर्ची द्यावी आणि ‘आजी, आता चंद्राच्या डाव्या काठाकडे पाहा,’ असे सांगावे. सांगितलेल्या वेळी सांगितलेल्या जागी छाया दिसू लागली, म्हणजे जे काम वादाने होत नाही ते डोळे करतात.

ग्रहणाचे निरनिराळे टप्पे असतात आणि त्यांना पंचांगात फार सुंदर नावे दिलेली आहेत. दाट छाया चंद्राला प्रथम लागते तो ‘स्पर्श’. चंद्र छायेत पूर्ण बुडतो ते ‘संमीलन’. मग ग्रहणाचा ‘मध्य’. चंद्राचा काठ पुन्हा उजळू लागतो ते ‘उन्मीलन’, आणि छाया सर्वस्वी सुटते तो ‘मोक्ष’. उदाहरणार्थ, ७ सप्टेंबर २०२५ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद पौर्णिमेला जे खग्रास चंद्रग्रहण झाले, त्याचा स्पर्श भारतीय वेळेप्रमाणे रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी, संमीलन ११ वाजून १ मिनिटाने, मध्य ११ वाजून ४२ मिनिटांच्या सुमारास, उन्मीलन मध्यरात्रीनंतर १२ वाजून २३ मिनिटांनी आणि मोक्ष १ वाजून २६ मिनिटांच्या सुमारास झाला. चंद्र सुमारे ८२ मिनिटे पूर्ण छायेत होता. त्यापूर्वी २७ व २८ जुलै २०१८ च्या दरम्यानच्या रात्री, गुरुपौर्णिमेला लागलेले ग्रहण त्याहून लांबले होते. खग्रास स्थिती सुमारे १०३ मिनिटे टिकली. एकविसाव्या शतकातील ते सर्वांत दीर्घ खग्रास चंद्रग्रहण होय. परंतु ही दोन्ही ग्रहणे पावसाळ्यातली. कोकणात पावसाळ्याच्या रात्री ढगांचा भरवसा कोणी द्यावा?

म्हणून ३१ डिसेंबर २०२८ ची रात्र तुम्ही आतापासूनच लक्षात ठेवा. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे, आणि ते भारतातून स्पर्शापासून मोक्षापर्यंत दिसेल. ऋतू हिवाळ्याचा असल्याने आकाश निरभ्र असण्याचा पुष्कळ संभव आहे. रात्री साडेआठच्या थोडे पुढे स्पर्श होईल. पावणेदहाच्या सुमारास चंद्र पूर्ण छायेत जाईल. तो सुमारे ७१ मिनिटे तेथे राहील. आणि मध्यरात्र उलटून नवे वर्ष लागल्यावर थोड्याच मिनिटांत मोक्ष होईल. २०२८ साली छायेत शिरलेला चंद्र २०२९ साली छायेतून बाहेर पडेल!

या रात्रीची सिद्धता आधी करावी लागते. आठ दिवस अगोदर घराच्या गच्चीवर किंवा अंगणात उभे राहून पूर्व दिशा मोकळी आहे किंवा नाही ते पाहावे. स्पर्शाच्या वेळी चंद्र पूर्वेला, क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्यामधल्या अंतराच्या एक-तृतीयांशाहून थोडा वर असेल. मोक्षाच्या वेळी तो जवळजवळ डोक्यावर आलेला असेल. म्हणून खुर्चीपेक्षा चटई बरी. पाठीवर निजून पाहिले म्हणजे मान अवघडत नाही. गच्चीला कठडा नसेल तर तेथे जाऊ नये, आणि घरातील एक मोठे माणूस बरोबर असावेच. अंगावर घेण्यास पांघरूण, पिण्यास पाणी, एक वही, दोन पेन्सिली आणि एक विजेरी जवळ ठेवावी. विजेरीच्या काचेवर पतंगाचा लाल कागद बांधावा. पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपतात, लाल उजेडाने तितके दिपत नाहीत. घड्याळ आधी बिनचूक लावून घ्यावे. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहण्यात कसलाही धोका नाही. सूर्यग्रहण मात्र नुसत्या डोळ्यांनी, किंवा कॅमेऱ्यातून वा दुर्बिणीतून, कधीही पाहू नये. त्याने दृष्टी कायमची जाऊ शकते. हा भेद प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावा.

आता छायाचित्राकडे वळू. ग्रहणाचे छायाचित्र काढणे हा केवळ हौसेचा भाग नव्हे. डोळा पाहतो आणि विसरतो. छायाचित्र विसरत नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आपली यंत्रे नेली आणि ग्रहणाच्या त्या अवघ्या काही क्षणांत सूर्याच्या प्रभेची छायाचित्रे घेतली. ते क्षण निघून गेले. परंतु छायाचित्रांचा अभ्यास नंतर सावकाश करता आला. आपले काम लहान असले तरी त्याची रीत हीच आहे.

आज पुष्कळ घरांत मोबाइल फोन असतो, आणि त्यातील कॅमेरा या कामास पुरतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्थैर्य. हातात धरलेला कॅमेरा कितीही जपला तरी हलतो. तिपाई नसेल तर वाळूने भरलेली एक लहान कापडी पिशवी विटांवर ठेवावी आणि फोन तिच्यात रुतवून बसवावा. चित्र टिपण्याची कळ दाबतानाही फोन हलतो. म्हणून दोन-तीन सेकंदांनी आपोआप चित्र टिपले जाईल अशी योजना फोनमध्ये असते, ती वापरावी. झगझगीत झोत पाडणारा फ्लॅश बंद ठेवावा. तो चंद्रापर्यंत पोहोचत नाही, शेजाऱ्यांचे डोळे मात्र दिपवतो! साधी दोन डोळ्यांची दुर्बीण मिळाली, तर तिच्या एका भिंगाला फोन टेकवून चंद्राचे बरेच मोठे चित्र मिळते. हे काम एकट्याने होत नाही; एकाने दुर्बीण धरावी, दुसऱ्याने फोन आणि तिसऱ्याने वही.

पौर्णिमेचा चंद्र हा फार तेजस्वी असतो. फोन आपल्याच बुद्धीने काळ्या आकाशाकडे पाहून चित्र उजळ करतो, आणि चंद्राच्या जागी एक पांढरा ठिपका उमटतो. यासाठी पडद्यावर चंद्रावर बोट ठेवावे आणि मग उजेड कमी करीत जावे. चंद्रावरचे डाग दिसू लागले म्हणजे उजेड योग्य झाला असे समजावे. ज्या कॅमेऱ्यात वेळ स्वतः ठरविता येते, त्यात पूर्ण चंद्रासाठी सेकंदाचा सुमारे दोनशेवा भागसुद्धा पुरतो. परंतु चंद्र छायेत बुडाला की त्याचे तेज हजारो पटींनी घटते, आणि तेव्हा कॅमेऱ्याचा डोळा एक-दोन सेकंद उघडा ठेवावा लागतो. त्याहून फार अधिक ठेवू नये. पृथ्वीच्या फिरण्यामुळे चंद्र दर दोन मिनिटांत आपल्या व्यासाएवढा पुढे सरकलेला दिसतो. कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा राहिला तर चंद्राचा काठ पुसट होतो. स्पर्शापासून मोक्षापर्यंत दर दहा मिनिटांनी एक चित्र घ्यावे, आणि प्रत्येक चित्राची वेळ, आकाशाची स्थिती व डोळ्यांना दिसलेला रंग वहीत त्याच क्षणी लिहावा. सकाळी आठवून लिहीन, असे म्हणू नये. जागरणानंतरची सकाळ सगळे विसरायला लावते.

रंगाची नोंद विशेष काळजीने करावी. पूर्ण छायेत गेलेला चंद्र दिसेनासा होत नाही. तो तांबूस होतो. पृथ्वीभोवती वातावरणाचे कवच आहे. सूर्याचे किरण त्यातून जाताना थोडे वाकतात आणि छायेच्या आत शिरतात. त्यांतील निळा प्रकाश वाटेत विखुरला जातो. उरतो तो तांबडा. म्हणजे त्या क्षणी पृथ्वीच्या कडेवर जेथे जेथे सूर्य उगवत आणि मावळत असतो, त्या सर्व उषा आणि संध्या यांचा रंग एकत्र होऊन चंद्रावर पडतो. छायेच्या काठाशी कधी कधी एक निळसर कडही दिसते. उंचावरील ओझोन वायूचा थर तांबडा प्रकाश थोडा शोषून घेतो, म्हणून ती दिसते.

आंद्रे दाँजों नावाच्या फ्रेंच ज्योतिर्विदाने हा रंग मोजण्यासाठी एक साधी श्रेणी केली. चंद्र जवळजवळ दिसेनासा झाला तर शून्य. गडद करडा वा तपकिरी असला तर एक. गंजासारखा गडद लाल असला तर दोन. विटकरी आणि काठाशी उजळ असला तर तीन. आणि तांब्याच्या नव्या भांड्यासारखा तेजस्वी, काठाशी निळसर असला तर चार. या श्रेणीने केवळ चंद्राचा रंग कळतो असे नव्हे. आपल्या वातावरणाची स्थितीही कळते. फिलिपाइन्समधील पिनातुबो या ज्वालामुखीचा १९९१ साली मोठा उद्रेक झाला आणि त्याची सूक्ष्म धूळ उंच वातावरणात पसरली. पुढल्या वर्षी, ९ डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र अतिशय काळवंडलेला दिसला. चंद्र हा त्या वेळी पृथ्वीच्या हवेचा आरसा होतो.

खग्रास स्थितीत आणखी एक गोष्ट घडते, आणि खरवईसारख्या उजेडाच्या गावातील मुलांनी ती अवश्य पाहावी. पौर्णिमेच्या चांदण्यात बुडालेले तारे हळूहळू वर येतात. २०२८ च्या ग्रहणात चंद्र मिथुन राशीत असेल आणि मृग नक्षत्र त्याच्या जवळच असेल. ग्रहणापूर्वी मृगातील किती तारे दिसतात ते मोजावे, मध्याच्या वेळी पुन्हा मोजावे. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहावे. चंद्राचे तेज गेल्यावरही जे तारे दिसले नाहीत, ते गावाच्या दिव्यांनी आणि धुराने झाकले आहेत, असे समजण्यास हरकत नाही. मध्यरात्री नववर्षाचे फटाके उडू लागले म्हणजे धूर वाढेल. म्हणून महत्त्वाची चित्रे त्यापूर्वीच घ्यावीत.

दुसऱ्या दिवशी खरी गंमत सुरू होते. ज्या चित्रात चंद्र साधारण निम्मा झाकलेला आहे, ते चित्र घ्या आणि चंद्राचे वर्तुळ तीन सेंटिमीटर व्यासाचे येईल एवढे मोठे करून छापून घ्या. छायेचा काठ सरळ नाही, वाकडा आहे, हे तुम्हाला दिसेल. तो पृथ्वीच्या छायेच्या मोठ्या वर्तुळाचा एक तुकडा आहे. आता पारदर्शक कागदावर कंपासने तीन, साडेतीन, चार, साडेचार आणि पाच सेंटिमीटर त्रिज्येची वर्तुळे काढा आणि कोणत्या वर्तुळाचा काठ छायेच्या काठाशी जुळतो ते पाहा. छायेचा काठ पुसट असल्याने थोडी चूक होईलच; परंतु काम नीट झाले तर चार सेंटिमीटरच्या आसपास उत्तर येईल. म्हणजे छायेचा व्यास आठ सेंटिमीटर, चंद्राचा तीन. छाया चंद्राच्या सुमारे २.७ पट रुंद आहे.

पण छाया निमुळती होत जाते, हे विसरून चालणार नाही. मग पृथ्वी छायेहून किती मोठी? हे सूर्यग्रहणावरून कळते. खग्रास सूर्यग्रहणात चंद्राची छाया पृथ्वीपर्यंत येता येता जवळजवळ टोकाला पोहोचते. म्हणजे चंद्र आणि पृथ्वी यांच्यामधल्या अंतरात छायेची रुंदी एका चंद्रव्यासाएवढी घटते. पृथ्वीची छाया चंद्रापर्यंत जाताना साधारण तेवढीच घटेल. म्हणून छायेच्या २.७ चंद्रव्यासांत एक चंद्रव्यास मिळवावा. पृथ्वीचा व्यास चंद्राच्या सुमारे ३.७ पट ठरतो. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आहे, हे तुम्ही पुस्तकात वाचले आहे. त्याला ३.७ ने भागले की चंद्राचा व्यास सुमारे ३,४४० किलोमीटर येतो. शास्त्रज्ञांनी सूक्ष्म साधनांनी मोजलेला व्यास ३,४७४ किलोमीटर आहे!

एक पायरी आणखी चढू. एक सेंटिमीटर रुंदीची कागदाची टिकली काचेवर चिकटवून ती डोळ्यापासून सुमारे ११० सेंटिमीटर दूर धरली, तर पूर्ण चंद्र तिच्यामागे नेमका झाकला जातो. म्हणजे चंद्र हा स्वतःच्या व्यासाच्या सुमारे ११० पट दूर आहे. गुणाकार करून पाहा. उत्तर पावणेचार लाख किलोमीटरांहून थोडे अधिक येईल. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ॲरिस्टार्कस नावाच्या ग्रीक विद्वानाने चंद्रग्रहणातील छायेवरूनच चंद्राचा आकार आणि अंतर काढण्याचा मार्ग दाखविला होता. त्याच्याजवळ कॅमेरा नव्हता, तुमच्याजवळ आहे.

मुलांनो, चंद्राचे अंतर पुस्तकात छापलेले आहे, मग एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. पुस्तकातील आकडा हा दुसऱ्याने सांगितलेला असतो. गच्चीवर थंडीत जागून, वाळूच्या पिशवीवर फोन ठेवून आणि कंपासने वर्तुळे काढून मिळविलेला आकडा थोडा चुकीचा असला तरी तो स्वतःचा असतो. ज्याने एकदा असा आकडा मिळविला, त्याला ‘हे खरे कशावरून?’ असे विचारण्याची सवय लागते. ही सवय ग्रहण सुटले तरी सुटत नाही. ती बाजारात, सभेत आणि वर्तमानपत्र वाचतानाही उपयोगी पडते. वेध पाळणारे आपापल्या घरी पाळोत. तुम्हाला मात्र त्या रात्रीचे वेध आतापासून लागोत, आणि वेळ येताच तुम्ही तिचा वेध घ्या.

स्वाध्याय

१. ‘वेध’ या शब्दाचे या पाठात आलेले तीन अर्थ सांगा आणि प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.

२. दर पौर्णिमेला चंद्रग्रहण का होत नाही? नारळ आणि लिंबू यांच्या उदाहरणाने समजावून द्या.

३. स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष या शब्दांचे अर्थ लिहा.

४. कारणे द्या : (अ) खग्रास चंद्र तांबूस दिसतो. (आ) विजेरीला लाल कागद बांधावा. (इ) छायेच्या रुंदीत एक चंद्रव्यास मिळवावा लागतो.

५. ग्रहणाच्या वेळी गरोदर स्त्रीला उपाशी ठेवू नये, हे तुमच्या घरातील वडील माणसांना तुम्ही कसे पटवून द्याल? आदरयुक्त भाषेत आठ-दहा ओळी लिहा.

६. आपल्या घरापासून पूर्वेकडील आकाश किती मोकळे दिसते, ते पाहा. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री तुम्ही कोठे बसाल, बरोबर काय न्याल आणि वहीत कोणकोणत्या नोंदी कराल, त्याची यादी तयार करा.